गोदरीवरचं जंगल

हसनाबादच्या बाजूनं आमच्या गावात शिरलं की डाव्या हाताला, रस्त्याला चिकटूनच एक जंगल लागतं. फार मोठं नाही, दोन-तीन खळ्यांएवढी जागा. पण दाट इतकं की शेळी आत शिरली तर शेपूटसुद्धा दिसत नाही. गाड्या थांबतात. शहरातली माणसं उतरतात, फोटो काढतात आणि विचारतात, "हे फॉरेस्टवाल्यांचं आहे का?" मी आसपास असले तर लगेच सांगते, "फॉरेस्टवाल्यांचं नाही, आमचं आहे. गावातल्या बायांचं." आमचे मालक म्हणतात, तू लई मिरवतेस. मिरवते की. ज्यांच्या हाताला घट्टे पडले त्यांनी मिरवायचं नाही तर मग कुणी मिरवायचं?

आता हे मिरवणं कशाचं, ते कळायचं तर आधी तिथं काय होतं ते सांगायला पाहिजे. ते सांगितलं की काही लोक नाक मुरडतात. मुरडू देत. नाक त्यांचं आहे.

त्या जागेला गावात गोदरी म्हणायचे. घरोघरी संडास नव्हते तेव्हा बायांनी पहाटे लोटा घेऊन जायची जागा ती. मी लग्न होऊन या गावात आले, तेव्हा दुसऱ्या दिवशी पहाटे सासूनं मला हलवून उठवलं आणि घरातलं देवघर दाखवायच्या आधी गोदरी दाखवली. सासूला मी आत्याबाई म्हणते. उंचीनं बुटक्या, आवाजानं मोठ्या, आणि शेतातल्या कामाला अशा की त्यांच्या ओळीला ओळ लावून खुरपायला तरण्या बाया घाबरायच्या. त्या पहाटे चालता चालता त्यांनी मला एवढंच शिकवलं: "रस्त्यावरून गाडीचा उजेड आला की उठायचं. रस्त्याकडं पाठ करायची अन् मुंडकं खाली. लाजायचं काही काम न्हाई. पाठीवर काय कुणाचं नाव लिव्हलेलं नसतं."

कारण तिथं आडोसा म्हणून काही नव्हताच. सपाट, उघडी मुरमाड जमीन. एक बाभूळ होती म्हणे, ती मी यायच्या आधीच कुणीतरी औताच्या लाकडासाठी तोडून नेली होती. तुरीच्या दिवसांत पलीकडच्या शेतात थोडी तूर आडवी यायची, ती कापली की परत सगळं मोकळं. मग काय, गाडी आली की ओळीनं साऱ्या बाया उठून उभ्या. गाडी गेली की खाली. परत गाडी, परत उभ्या. आम्ही नव्या सुना आधी रडायचो, नंतर हसायला लागलो, नंतर दोन्ही बंद झालं. सवय फार वाईट चीज आहे.

थोरलीच्या वेळी मला दिवस भरत आले होते. एका पहाटे कारखान्याला ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टरांची रांगच लागली. एक गेला की दुसरा, दुसरा गेला की तिसरा. मला उठवेना. तेव्हा आत्याबाई माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या, त्यांनी दोन्ही हातांनी पदर पसरून धरला आणि साऱ्या ट्रॅक्टरांची रांग जाईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. त्या जागेवर मला मिळालेला तो पहिला आडोसा. त्याबद्दल आम्ही कधी एकमेकींशी बोललो नाही. सासू-सुनांनी असल्या गोष्टी बोलायच्या नसतात. त्या मिठावरून भांडतात.

पुढं घरोघरी संडास झाले. गोदरी ओस पडली. ओस पडली म्हणजे काय, तिचा उकिरडा झाला. प्लास्टिक, फुटक्या टाइल्स, मेलेली कोंबडी, सगळं तिथं. आणि मग पंचायतीला त्या जागेचा एकदम कळवळा आला. रस्त्याला लागून जागा, गाळे बांधू, भाड्यानं देऊ. सरपंच म्हणजे माझे चुलत दीर. माणूस वाईट नाही, पण मोकळी जागा दिसली की त्यांना सिमेंटची स्वप्नं पडतात.

त्याच सुमाराला मी जालन्याला लेकीकडं गेल्ते. तिच्या घराजवळ एका शाळेच्या मागं लोकांनी झाडं लावली होती. मी सहज बघायला गेले आणि बघतच राहिले. आपण झाडं लावतो ती दोन झाडांत बैलगाडी जाईल अशी. इथं हाताच्या अंतरावर झाड, आणि त्यातही सारखं झाड नाही. उंच वाढणारं, मधलं, बुटकं, झुडूप, सगळं मिसळून. लिंब, करंज, शिवण, आपटा, बेहडा, आवळा, खाली तरवड, निरगुडी. सगळी आपल्या मुलखातली, आपल्या बांधावरची. तिथल्या बाईंनी सांगितलं, ही कुणा जपानी माणसाची रीत आहे. माती खोल खणायची, शेणखत आणि भुसा कालवायचा, झाडं गच्च लावायची. मग ती उजेडासाठी एकमेकांशी झटतात आणि भराभर वर जातात. दोन-तीन वर्षं पाणी द्यायचं, तण काढायचं, बाकी हात लावायचा नाही. मी विचारलं, "पलीकडं काय आहे?" त्या म्हणाल्या, "भिंत." मला भिंत दिसतच नव्हती.

मी तिथं उभी होते आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की हे आमच्याकडं तेव्हा असतं तर.

गावात आले ती थेट ग्रामसभेतच उठून बोलले. गोदरीची जागा बचत गटाच्या बायांना द्या, आम्ही तिथं जंगल करतो. माणसं हसली. एक जण म्हणाला, "बायांना गोदरी सुटंना का?" त्यावर तर सगळेच फिदीफिदी. सरपंच भाऊजी जरा सांभाळून म्हणाले, "वहिनी, हौस चांगली आहे. पण आपल्याकडं माणसाला पाणी न्हाई अन् तुम्ही झाडाला कुठून देणार? त्यापेक्षा गाळे झाल्यावर समोर चार गुलमोहर लावू. फोटोत बी छान दिसतात."

मला राग आला की जीभ माझी राहत नाही. मी म्हणाले, "तीन पावसाळे द्या. तिसऱ्या दिवाळीला तुम्ही रस्त्यावर उभे राहा आणि आमच्यातली एक बाई पलीकडं उभी करा. ती दिसली तर खुशाल गाळे बांधा, मी स्वतः पहिली वीट आणून देते. नाही दिसली तर ही जागा बायांची. परत गाळ्याचं नाव काढायचं नाही."

सभेत एकदम शांतता झाली. कारण त्या जागेवर बाई दिसणं काय असतं, ते तिथल्या प्रत्येक माणसाला बराबर ठाऊक होतं. भाऊजींनी खाली बघत मान हलवली. ठरलं.

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मालक घरी आल्यावर म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी जेसीबीवाल्याशी तेच बोलून आले.

उकिरडा उपसला. मुरूम खोल खणला, त्यात गाळ, शेणखत, सोयाबीनचं कुटार कालवलं. कुटाराला गावात कधी कमी नाही. काही रोपं रोपवाटिकेतून आली, बाकीची आम्ही दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत घरीच केली होती. बाया कामावरून येताना ओटीत बिया घेऊन यायच्या. लिंबोळ्या, करंजाच्या शेंगा, बोरं, भोकरं, बहाव्याच्या लांब शेंगा. पाऊस जरा धरल्यावर आम्ही लावणी केली. बचत गटातल्या आम्ही साऱ्या जणी, आणि कधी एका ओट्यावर न बसणाऱ्या दोन आळ्यांतल्या बाया एका ओळीत वाकून लावत होत्या. मातीवर काडाचा जाड थर दिला. रोपं इतकी जवळजवळ की पाय कुठं ठेवावा कळेना.

आत्याबाई संध्याकाळी बघायला आल्या. कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे पेरलं का सांडलं?"

मी म्हणाले, "आत्याबाई, ही रीतच अशी आहे."

"कशाची रीत? दाटीत कुणाचंच भलं होत न्हाई. समदे अर्धपोटी." आणि पुटपुटत निघून गेल्या. मी हसण्यावारी नेलं.

मग लेकीचं बाळंतपण आलं. मी जालन्याला गेले ती चांगली महिनाभर अडकले. बायांना सांगून गेल्ते, तण वाढलं तर तेवढं खुरपून घ्या. मनात काळजी नव्हती. पाऊस बरा होता, रोपांनी मूळ धरलं होतं. तिकडं नातू मांडीवर घेऊन मी त्याला रोज सांगायची की तुझं वय आणि आमच्या जंगलाचं वय एकच आहे.

परत आले ती एसटीतून उतरून घरी न जाता, पिशव्यांसकट आधी जागेवर गेले. हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या. आरपार दिसत होतं. या टोकाहून त्या टोकापर्यंत. झाडं होती, पण अशी सुटी, अशी शिस्तीत उभी, की मधून डवरा हाकता आला असता. निम्म्याच्या वर रोपं गायब. झुडपं तर बिलकुल नाहीत. तण एक नाही. जमीन अशी स्वच्छ की ताटाशिवाय जेवायला बसावं.

पलीकडच्या बांधावर आत्याबाई आणि त्यांच्या वयाच्या तीन-चार म्हाताऱ्या खुरपी घेऊन बसल्या होत्या. मला बघून आत्याबाई उठल्या. त्यांचा चेहरा असा फुललेला मी फार कमी वेळा बघितला आहे. म्हणाल्या, "तू येईस्तोवर समदी विरळणी करून ठेवली बघ. तुझ्या त्या पोरींना काय येतंय? जोमदार तेवढं ठेवलं, मरतुकडं काढलं. अन् ती तरवडं, निरगुड्या, बोरी, तणच ते, समदं उपटलं. आता बघ कसं वाढतंय."

शेती न करणाऱ्याला सांगते. बाजरी असो, कापूस असो, दाट उगवलं की मधली रोपं उपटून जागा करायची, त्याला विरळणी म्हणतात. ती न करणारी बाई आमच्याकडं आळशी ठरते. आत्याबाईंच्या हातची विरळणी तर गावात नावाजलेली. म्हणजे त्यांनी काय केलं होतं? सुनेची लाज राखली होती. महिनाभर, स्वतःच्या शेतातलं काम सोडून, म्हाताऱ्या मैत्रिणी गोळा करून, कंबर मोडेस्तोवर त्यांनी माझं जंगल मनापासून खलास केलं होतं.

मी बोलले. खूप बोलले. रस्त्यावर माणसं थांबेपर्यंत बोलले. तुम्हाला कुणी सांगितलं होतं, सगळ्यात तुमचंच शहाणपण का, आता भाऊजी गाळे बांधतील आणि त्यातल्या पहिल्या गाळ्यात तुम्हीच बसा भजी तळत. त्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही आणि आताही वाटत नाही. राग होता तो खरा होता. आत्याबाईंनी खुरपं उचललं आणि घराकडं चालू लागल्या. त्यांच्या मागून मैत्रिणी. करायला गेले गणपती अन् झाला मारुती, असं त्यातली एक हळूच म्हणाली, तेवढंच.

घरी आले. जेवणाची वासना नव्हती. हातपाय धुवायला न्हाणीकडं गेले आणि पाणी ओतता ओतता थांबले. आमच्या न्हाणीचं पाणी मागं जिथं जिरतं तिथं कायम चिखल असतो. त्या चिखलात रोपं खोचलेली होती. जुड्या बांधून, मुळं खाली, दाटीवाटीनं. तरवड, निरगुडी, बोर, करंज, आपटे. काही वाळली होती, काही माना टाकून, पण बरीचशी हिरवी.

मी वळून बघितलं तर आत्याबाई दारात उभ्या. म्हणाल्या, "जित्ती रोपं फेकते का मी? कुठं नांगे पडले तर भरायला लागतात."

नांगे म्हणजे पिकात मर होऊन पडलेल्या मोकळ्या जागा. विरळणीत काढलेलं रोप नांग्यात लावायचं, ही त्याच कामाची दुसरी बाजू. ज्या सवयीनं घात केला होता, तिनंच निम्मं वाचवून ठेवलं होतं. माझा राग गेला नाही, पण त्याला बसायला जागा राहिली नाही.

मी तिथंच चिखलात बसून त्यांना सांगितलं. आधी कधी नीट सांगितलंच नव्हतं. पंचायतीत काय ठरलं ते त्यांना माहीत होतं, पण त्यांना वाटलं होतं की झाडं मोठी झाली म्हणजे झालं. मी म्हणाले, "आत्याबाई, मला आंबे नाही पाहिजेत, लाकूड नाही पाहिजे. रस्त्यावरून बाई दिसायला नाही पाहिजे. तेवढंच."

त्या खाली वाकल्या, मान टाकलेलं एक रोप चिखलात नीट खोचलं. मग म्हणाल्या, "मंग असं सांग ना, आडोसा पाहिजे. मला वाटलं पीक पाहिजे."

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या आधी जागेवर होत्या. त्याच म्हाताऱ्या, तीच खुरपी. जे उपटलं होतं ते परत लावत होत्या. आणि लावताना आत्याबाई काय करत होत्या तर रस्त्याच्या बाजूला जाऊन खाली बसायच्या, लहान मुलासारखं वाकून आत बघायच्या, आणि सांगायच्या, "हितं अजून एक तरवड. उंच झाड काय कामाचं? बाई बसलेली असती. बुडाशी दाट पाहिजे, बुडाशी." आम्ही सगळ्या हसलो, पण ती गोष्ट तंतोतंत खरी होती. इतकी वर्षं तिथं बसलेल्या बाईलाच ते कळणार.

चिखलातली सगळी रोपं काही जगली नाहीत. रस्त्याच्या कडेला हातपंप आहे, त्या बाजूचा एक पट्टा तर जवळजवळ सगळा गेला. तिथं आत्याबाईंनी त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी बिया टोबल्या. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. बांधाबांधानं फिरून तरवडाच्या शेंगा, बोराच्या बिया आणायच्या आणि बोटानं भोक पाडून सोडायच्या. मी एकदा म्हणाले, "आता दाट होत नाही का?" तर माझ्याकडं असं बघितलं की मी परत विचारलं नाही.

उन्हाळ्यात पाण्याचे हाल झाले. गावाला टँकर चालू झाला आणि पंचायतीनं सांगितलं, टँकरचं पाणी झाडाला घालताना कुणी दिसलं तर खैर नाही. घालतंय कोण? आमच्याकडं भांड्यांचं पाणी होतं, अंघोळीचं होतं, धुण्याचं होतं. प्रत्येक घरी न्हाणीच्या तोंडाशी बादली ठेवली. संध्याकाळी बाया आपापली बादली घेऊन निघायच्या. पूर्वी त्याच वाटेनं लोटा घेऊन जायचो, आता बादली घेऊन, आणि तेही दिवसाउजेडी, मोठ्यानं बोलत, डोक्यावर पदर नीट करत. साबणाचं पाणी वेगळं काढा, खरकट्यातलं तूप-तेल आधी पुसून घ्या, यावरून भांडणंही झाली. एकीनं लेकाच्या लग्नातल्या पंगतीचं भांडी विसळलेलं पाणी ड्रमनं पाठवलं. आहेर म्हणून.

दुसऱ्या पावसाळ्यात झाडं माझ्या डोक्यावर गेली. तिसऱ्यात खालून वर बघावं लागायला लागलं. आत सावली झाली, पानांचा थर साचला, पाय ठेवला की रुततो असा. होले आले, बुलबुल आले, सातभाईंचा तो कलकलाट आला. मुंगूस आलं. एक दिवस मला आत जाताना वाकावं लागलं, हातानं फांद्या बाजूला कराव्या लागल्या, आणि त्या दिवशी मी खरोखर खूष झाले. घरी येऊन मालकांना म्हणाले, "आज अंगावर ओरखडे आले." ते म्हणाले, "अन् हसून काय राह्यली?" त्यांना काय कळणार?

पण हातपंपाकडचा पट्टा माझ्या काळजात रुतून होता. बाकी भिंत झाली होती, आणि तिथं झाडं उशिरा वाढलेली, छातीएवढी, मधून मधून आभाळ. भाऊजींनाही ते दिसत होतं. एकदा ते टेप घेऊन रस्त्याच्या कडेची लांबी मोजताना मला दिसले. मला बघून टेप खिशात घातला आणि म्हणाले, "सहज."

दिवाळी आली. पाडव्याच्या संध्याकाळी सगळा गाव रस्त्यावर जमला. ऊन अजून होतं, आणि ते जंगलाच्या पलीकडून, कपाशीच्या शेतावरून येत होतं. भाऊजींनी वेळ मुद्दाम अशी धरली होती, की फट असेल तर उजेड आरपार येईल. आणि उभे कुठं राहिले? बराबर हातपंपाच्या समोर. म्हणाले, "वहिनी, परीक्षा म्हटलं की अवघड जागीच घ्यावी लागंल." मी म्हणाले, "घ्या ना."

पलीकडं उभं कुणी राहायचं? मीच निघाले होते, तर आत्याबाई पुढं आल्या. नातीच्या लग्नातलं लालभडक लुगडं नेसून. म्हणाल्या, "विरळणी म्या केलती. म्या जाणार." भाऊजी म्हणाले, "काकू, लाल कशाला? हिरवं नेसायचं, दिसल्या नसत्या." त्या म्हणाल्या, "चोरून काय करायचं हाय?" आणि काठी टेकत, जंगलाच्या कडेनं वळसा घालून गेल्या.

आम्ही थांबलो. भाऊजींनी डोळ्यांवर हात धरला. डावीकडं सरकले, उजवीकडं सरकले. टाचा उंच करून बघितलं. मग खाली वाकून, अगदी गुडघ्यावर बसून बघितलं, कारण माणूस आहे हुशार. मी त्यांच्याकडं बघत होते, जंगलाकडं बघायचं धाडस होत नव्हतं. मालक माझ्या शेजारी उभे होते, ते दोन्ही हात मागं बांधून उगाच घसा खाकरत होते.

शेवटी भाऊजी ओरडले, "काकू, पोचल्या का पलीकडं?"

आवाज आला, "पलीकडं कशाला? हितं बसले की."

आवाज अगदी जवळून आला. सगळे दचकले. भाऊजी तर मागंच सरले. आत्याबाई पलीकडं गेल्याच नव्हत्या. वळसा घालून मागून आत शिरल्या होत्या आणि त्या पातळ पट्ट्यात, रस्त्यापासून पाच-सहा पावलांवर, त्यांनीच टोबलेल्या तरवडांच्या मागं येऊन खाली बसल्या होत्या. लालभडक लुगडं नेसून. आणि एकालाही दिसल्या नव्हत्या.

भाऊजी मग हसले, टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, "राह्यले गाळे." बायांनी असा गलका केला की सगळे होले उडाले. ज्यानं सभेत गोदरी सुटंना म्हणून विचारलं होतं, त्याच्याच बायकोनं पेढ्याचा पुडा फोडला आणि पहिला पेढा त्याच्याच तोंडात कोंबला. मी रडले. सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं रडले, आणि पुसायलाही हात गेला नाही.

गर्दी चहाला पांगली तरी आत्याबाई बाहेर आल्या नाहीत. दिवस मावळला होता. मला वाटलं, गुडघे धरले असतील, उठता येत नसेल. मी वाकून आत शिरले. त्या पानांवर बसल्या होत्या, पाय पसरून, काठी शेजारी. मी म्हणाले, "चला की आत्याबाई." त्या म्हणाल्या, "बस जरा." मी बसले. आत काळोख धरायला लागला होता. त्या म्हणाल्या, "थोरलीच्या टायमाला तुला उठवंना, याद हाय का?" मी म्हणाले, "आहे." बस, एवढंच बोलणं झालं.

इतक्यात रस्त्यावरून टेम्पो आला. त्याचा उजेड झाडांवर पडला, पानापानांतून हलत पुढं सरकला. आणि माझं मला कळायच्या आत मी उठले. गुडघे सरळ, पाठ रस्त्याकडं, मुंडकं खाली. इतक्या वर्षांनी, अंगानं आपलं आपण केलं.

आत्याबाई उठल्या नव्हत्या. त्यांनी खालूनच माझा पदर धरून ओढला.

"बस," त्या म्हणाल्या. "दिसत न्हाई."

मी बसले.